तीस वर्षांचा होकार

दोन वर्षांपूर्वीची नागपंचमी. सासूबाईंनी सकाळीच पाटावर हळद-चंदनानं नाग काढले होते, समोर लाह्या आणि दुधाची वाटी. त्या दिवशी आमच्याकडे चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा ठेवायचा नाही, म्हणून पुरणाची दिंडं उकडत ठेवलेली. लेक तेव्हा अकरा वर्षांची होती. तिनं पाटासमोर हात जोडले आणि नमस्कार होताच तिथंच विचारलं, "आजी, तू नागाला देव मानतेस ना? मग मला साप पाळू देशील?"

सासूबाई हसल्या. त्यांना पोरखेळ वाटला. पण लेक हसत नव्हती. तिला बॉल पायथन हवा होता. आफ्रिकेतला, दोन-तीन हात लांबीचा, घाबरला की अंगाचा चेंडू करून डोकं आत लपवणारा लहान अजगर. त्याच्याबद्दल ती महिनाभर वाचत होती.

"नाही," मी म्हणाले.

"का?"

माझ्याकडे तीन कारणं होती. भीती वाटते, किळस येते, आणि लोक काय म्हणतील. तिन्ही ऐकून घेऊन ती खोलीत निघून गेली, रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं, कारण रात्री मला झोप लागेना. माझा पेशा बातमीदारीचा. एखाद्या अधिकाऱ्यानं असली कारणं देऊन अर्ज फेटाळला असता तर मी त्याला सोडलं नसतं. घरात मात्र मोठ्यांना 'नाही' हा शब्द फुकट वापरता येतो.

दुसऱ्या दिवशी मी तिच्याशी करार केला. तिनं मला पटवायचं. तिनं शोधायचं, मीही शोधायचं, आणि जे खरं निघेल ते दोघींनी मानायचं. मग ते माझ्या बाजूचं असो की तिच्या. हा लेख म्हणजे त्या दीड वर्षाच्या शोधाची हकिगत आहे. ज्या घरांत आज असा हट्ट चालू असेल, त्या घरातल्या आईबापांसाठी आणि मुलांसाठीही ती लिहिते आहे.

डावं पान, उजवं पान

तिनं दोनशे पानी वही घातली. डाव्या पानावर ती आपला मुद्दा लिहायची आणि उजवं पान माझ्यासाठी कोरं ठेवायची. पहिल्याच दिवशी डावं पान भरलं. साप भुंकत नाही. त्याचे केस गळत नाहीत. त्याला रोज फिरवून आणावं लागत नाही. त्याला आठवड्यातून एकदाच जेवायला लागतं, म्हणजे आपण गावी गेलो तरी अडत नाही.

उजव्या पानावर मी लिहिलं, "काय जेवतो?"

उत्तर यायला दोन दिवस लागले. "उंदीर." त्याखाली बारीक अक्षरात, "मेलेले, गोठवलेले. फ्रीजमध्ये ठेवावे लागतात." आमच्या घरात अंडंही येत नाही. हे लिहिताना तिला किती जड गेलं असेल ते मला अक्षरावरून कळत होतं. पण तिनं ते लपवलं नाही, आणि त्या दिवसापासून मी तिचं म्हणणं गंभीरपणे घ्यायला लागले.

नवऱ्यानं विचारलेला प्रश्न अगदी साधा होता. "जगतो किती?" लेकीनं मोठ्या अभिमानानं माहिती आणली. पाळलेला बॉल पायथन वीस-तीस वर्षं सहज जगतो. फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयातला एक ४७ वर्षं जगला. अमेरिकेतल्याच सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयातल्या एका मादीनं २०२० साली अंडी घातली तेव्हा ती किमान ६२ वर्षांची होती, आणि कित्येक वर्षांत नराजवळ गेलेली नव्हती. "बाबा, तुमच्यापेक्षा मोठी!" ती म्हणाली. नवरा एवढंच म्हणाला, "मग तू किती वर्षांची होशील तेव्हा?"

दुसऱ्या दिवशी डाव्या पानावर एकच ओळ होती. ११ + ३० = ४१. त्या एकेचाळीसभोवती तिनं गोल काढला होता. पुढं काही लिहिलं नव्हतं.

कुत्रं पाळणारं घर दहा-बारा वर्षांचा शब्द देतं. कासव, अजगर, घोरपडीच्या जातीचे परदेशी सरडे पाळणारं घर त्याहून कितीतरी लांबचा शब्द देतं. मूल शाळेत असतं तेव्हा आणलेला जीव त्याच्या नोकरीत, लग्नात, बदलीत, परदेशी जाण्यात सोबत असतो. किंवा तो मागं उरतो आणि आईवडिलांच्या वाट्याला येतो. 'मुलाचा हट्ट' म्हणून होकार देणाऱ्यांना हे आधी कुणी सांगत नाही. आम्हालाही सांगितलं नव्हतं, मुलीच्या वहीत वाचायला मिळालं.

भीती कुणाची, कशाची

आता माझी पाळी होती. भीती आणि किळस या दोन कारणांना मला उजव्या पानावर उत्तर द्यायचं होतं.

आपली भाषाच या जीवांना घाबरते. मनात शंकेची पाल चुकचुकते. शब्द फिरवणारा माणूस सरड्यासारखा रंग बदलतो. दुष्टाला आपण साप म्हणतो. पंचांगात पल्लीपतनाचं कोष्टक असतं, अंगावर कुठं पाल पडली तर काय फळ, याचं. आणि त्याच भाषेत कासव देवाच्या गाभाऱ्यासमोर दगडात कोरलेलं असतं. त्याला नमस्कार केल्याशिवाय आपण आत जात नाही. घोरपडीचं नाव एक मोठं घराणं आडनाव म्हणून मिरवतं. भीती, भक्ती आणि मान सगळं एकाच अंगणात नांदतं. फक्त ओळख नाही.

मी लेकीला घेऊन कात्रजला गेले. तिथल्या सर्पोद्यानाची सुरुवात १९८६ साली पुण्याच्या नीलिमकुमार खैरे यांनी केली. त्याआधी, १९८० साली, ते काचेच्या खोलीत ७२ विषारी सापांबरोबर सलग ७२ तास राहिले होते. डिवचल्याशिवाय साप चावत नाही, हे लोकांना डोळ्यांनी दिसावं म्हणून. मी ही गोष्ट लेकीला सांगत होते, आणि अर्थात तिच्या डोळ्यांत 'बघ, मी म्हटलं नव्हतं?' असं होतं.

तेवढ्यात घोणशीच्या काचेसमोर उभा असलेला एक माणूस माझ्याकडे वळला. साठीचा, डोक्यावर टोपी, नातवाचा हात धरलेला. "हीच," तो म्हणाला. "माझ्या भावाला हीच चावली. भात कापताना. दवाखान्यात न्यायला उशीर झाला." एवढं बोलून तो पुन्हा काचेकडे बघत राहिला. नातवाला त्यानं मागं ओढलं नाही. उलट पुढं करून म्हणाला, "नीट बघून ठेव. पाचोळ्यात दिसत नाही."

लेक गप्प झाली. घरी आल्यावर तिनं आकडा शोधला. सन २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशानं सुमारे बारा लाख माणसं गेली असा अभ्यासकांचा अंदाज आहे. म्हणजे दरवर्षी सरासरी ५८ हजार. यातली बरीच माणसं शेतात राबणारी, गावातली. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चार साप त्याला मुख्यतः जबाबदार. तिनं डाव्या पानावर, आपल्या बाजूला, स्वतःहून लिहिलं, "भीती वेडेपणा नाही."

आणि मी उजव्या पानावर लिहिलं, "पण भीतीवर ओळख हा उपाय आहे. त्या आजोबांनी तोच केला."

आमचा करार खरा सुरू झाला तो त्या दिवशी. मुलानं आईवडिलांच्या भीतीला हसू नये, ती कुठून आली ते विचारावं. आणि मोठ्यांनी भीती लपवायला 'घाण आहे', 'लोक काय म्हणतील' असले आडोसे घेऊ नयेत. 'मला भीती वाटते' असं सरळ म्हणावं. मी म्हणाले. त्यानंतर आमच्या घरातली पाल झाडूनं मारली जात नाही. सासूबाई ट्यूबलाइटखाली तिचा शिकारीचा ठिय्या बघतात. घरातली पाल विषारी नसते, हे त्यांना नातीनं सांगितलं आणि त्यांना पटलं.

एका आईची गोष्ट मला या काळात फार आधार देऊन गेली. रोम्युलस व्हिटेकर हे नाव सापांमध्ये रस असलेल्या प्रत्येकाला माहीत असतं. मगरींसाठी मद्रासजवळ १९७६ साली उभी राहिलेली क्रोकोडाइल बँक त्यांची, आणि २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. हा मुलगा जन्मानं अमेरिकन. न्यूयॉर्क राज्यातल्या एका खेड्यात असल्यापासून तो साप पकडून घरी आणायचा. आई डोरिस नॉर्डन यांनी त्याला झिडकारलं नाही, त्याच्या कुतूहलाला वाट करून दिली. १९५१ साली हे कुटुंब मुंबईला आलं. पुढं कोडाईकनालच्या शाळेत शिकताना त्यानं अजगरही बाळगला होता. आईनं त्या पहिल्या सापाला काठीनं मारलं असतं तर? लेकीनं मला हा प्रश्न विचारला नाही. मीच स्वतःला विचारला.

बिस्किटांच्या पुड्यातले अजगर

पण व्हिटेकरांच्या लहानपणी जे चालत होतं ते आज चालत नाही, आणि चालू नयेही. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. आपल्या रानातला साप, घोरपड, कासव पकडणं म्हणजे कायद्याच्या भाषेत शिकारच. २०२२ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. सर्वांत कडक संरक्षण असलेल्या पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याबाबत गुन्हा केला तर तीन ते सात वर्षं कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. माझ्या आजोळी पिंजऱ्यात मिठू होता. कुणाला तो गुन्हा वाटत नव्हता. आज तो गुन्हा आहे हे सांगितलं की माणसं अजूनही चकित होतात.

तारा कासवाची गोष्ट यात सर्वांत वाईट आहे. त्याच्या कवचावर प्रत्येक उंचवट्यातून पिवळे किरण फुटलेले असतात. तेच रूप त्याच्या मुळावर आलं. घरात जिवंत कासव ठेवलं की लक्ष्मी टिकते असं कुणीतरी सांगतं आणि गुजरात-राजस्थानच्या किंवा आंध्र-तमिळनाडूच्या माळावरचं कासव शहरातल्या फ्लॅटमध्ये येतं. देशोदेशी त्याची चोरटी विक्री इतकी वाढली की २०१९ साली आंतरराष्ट्रीय व्यापार जवळपास पूर्ण बंद करणाऱ्या यादीत ते घालावं लागलं. धाडीत सापडलेलं कासव सोडायचं कुठं, हाही पेच असतो. वायव्येकडचं आणि दक्षिणेकडचं कासव वेगळ्या वंशाचं. चुकीच्या माळावर सोडलं तर तिथल्या वंशात सरमिसळ होते. मांडुळाचंही तेच. दोन तोंडांचा साप म्हणे गुप्तधन दाखवतो! या एका खोटेपणापायी आपल्या राज्यात किती मांडुळं पोत्यांतून फिरली असतील.

लेकीचं म्हणणं होतं, "पण माझा साप भारतातला नाहीच." ती चुकत नव्हती. परदेशी प्राण्याला देशी प्राण्यासारखी सरसकट बंदी नाही. पण त्या डिसेंबरात, २०२३ मध्ये, बातमी आली. बँकॉकहून मुंबई विमानतळावर उतरलेल्या प्रवाशाच्या सामानात महसूल गुप्तचर संचालनालयाला नऊ बॉल पायथन आणि दोन कॉर्न स्नेक सापडले. बिस्किट आणि केकच्या पुड्यांत भरलेले.

बातमी तिनंच मला वाचून दाखवली. "नऊ," ती म्हणाली. "आई, ते कुणासाठी आणत असतील?"

मी काही बोलले नाही. तिनं स्वतःच उत्तर दिलं, "माझ्यासारख्या मुलांसाठी."

फेब्रुवारी २०२४ अखेर केंद्र सरकारनं नियम आणले. आंतरराष्ट्रीय व्यापार नियंत्रणाच्या यादीतले परदेशी प्राणी ज्यांच्याकडे असतील त्यांनी सहा महिन्यांत 'परिवेश' या सरकारी संकेतस्थळावर त्यांची नोंदणी करायची. बॉल पायथन त्या यादीत आहे. म्हणजे कायदेशीर कागद असलेला, नोंदलेला प्राणी पाळता येतो. पण दुकानदार 'कागद मागाहून देतो' म्हणाला तर तो कागद कधीच येणार नसतो. डाव्या पानावर लेकीनं आपल्यासाठी नियम लिहिला, "कुठून आला ते माहीत नसेल तर घ्यायचा नाही." मला वाटतं, असा हट्ट असलेल्या प्रत्येक घरानं हा प्रश्न सर्वांत आधी विचारावा. किंमत किती, याच्याही आधी.

काचेतलं ऊन

वन्यजीवांवर उपचार करणाऱ्या एका पशुवैद्यांकडे मी वेळ मागितली. त्यांनी आम्हा दोघींना टेबलावर एक क्ष-किरण चित्र दाखवलं. पाळलेल्या इग्वानाचं. हाडं धुक्यासारखी पुसट दिसत होती. मागच्या पायाचं हाड वाकलेलं.

"त्याला खायला देत नव्हते का?" लेकीनं विचारलं.

"भरपूर देत होते," डॉक्टर म्हणाले. "ऊन देत नव्हते."

मग त्यांनी समजावून सांगितलं. आपण स्वतःच्या अंगाची ऊब स्वतः तयार करतो. सरपटणारा प्राणी ती बाहेरून घेतो. म्हणून त्याच्या घरात एक बाजू उबदार आणि एक गार लागते. त्याला हवं तेव्हा इकडून तिकडं जाता आलं पाहिजे. सगळा पेटारा एकसारखा गरम ठेवणं म्हणजे त्याला दिवसभर तव्यावर बसवणं. दिवसा फिरणाऱ्या बहुतेक सरड्यांना आणि कासवांना उन्हातले अतिनील किरण लागतात. त्यातून त्वचेत 'ड' जीवनसत्त्व बनतं, आणि ते असेल तरच खाल्लेलं कॅल्शियम हाडात उतरतं. हे किरण खिडकीच्या काचेतून जवळजवळ येतच नाहीत. काचेआडचं ऊन डोळ्यांना ऊन दिसतं, प्राण्याच्या हाडांना ते अंधारासारखंच. विकत मिळणारा खास दिवाही उजेड देत राहतो, पण त्यातले हे किरण सहा महिने ते वर्षात क्षीण होतात. दिवा चालू दिसतो आणि आत प्राणी मऊ पडत जातो.

"आणि हे प्राणी कुरकुर करत नाहीत," ते म्हणाले. "आजारी कुत्रं तुमच्या पायाशी येऊन बसतं. आजारी सरडा निरोग्यासारखाच स्तब्ध बसतो. रानात आजार दाखवला तर शिकार होते ना. तुमच्या लक्षात येतं तेव्हा उशीर झालेला असतो. बरं, यांच्यावर उपचार करणारे आम्ही तरी किती आहोत? आधी डॉक्टर शोधा, मग प्राणी."

परतताना लेकीनं रिक्षात विचारलं, "साप आपल्यावर प्रेम करतो का ग?"

मला खोटं सांगता आलं असतं. "मला जे कळलं त्यावरून," मी म्हणाले, "तो आपल्याला सहन करतो. सवय होते त्याला. प्रेम आपण करायचं."

ती सिग्नल सुटेपर्यंत बाहेर बघत होती. मग म्हणाली, "चालेल."

मला वाटतं, तिनं मला पटवलं ते त्या क्षणी. वहीतल्या कुठल्याच मुद्द्यानं पटवलं नव्हतं.

सरडा नावाची प्रजाती

तरी अजगर आला नाही. खात्रीचा, कागदांसकट कुठून मिळेल याची वाट बघायची असं ठरलं. दरम्यान मे महिन्यात आम्ही साताऱ्याला गेलो. सज्जनगड, ठोसेघर करत चाळकेवाडीच्या पठारावर पोचलो तेव्हा सकाळचे नऊ वाजत होते. वर पवनचक्क्यांची पाती फिरत होती. खाली कातळ, पिवळं गवत, वारा.

आधी काही दिसेना. मग लेकीनं माझा दंड दाबला. दहा पावलांवर एका दगडावर मातकट सरडा होता, बोटभर. त्यानं मान वर केली आणि गळ्याखाली पंखा उघडला. झळझळीत निळा, मध्ये काळा, कडेला केशरी. मिटला. पुन्हा उघडला. पलीकडच्या दगडावरून दुसऱ्या नरानं तसंच उत्तर दिलं. पावसाआधीच्या या दिवसांत माद्यांना भुलवायला आणि एकमेकांना धाक घालायला नर असे पंखे फडकावतात.

२०१६ साली शास्त्रज्ञांनी या सरड्यांची स्वतंत्र प्रजाती मानली आणि तिला शास्त्रीय नाव दिलं 'सरडा'. आपला मराठी शब्द, जगभरच्या प्राणिशास्त्राच्या पुस्तकांत. चाळकेवाडीचा हा 'सरडा सुपर्बा'. हे नाव देणाऱ्यांत वरद गिरी यांच्यासारखे याच मातीतले अभ्यासक होते. त्याआधी २००८ साली गिरी यांनी अमेरिकी सहकाऱ्याबरोबर याच पठारावरची एक इवली पाल जगापुढं आणली होती. तिच्या नावात सातारा आहे. ज्या जातीच्या जीवाला आपण झाडू मारतो तिच्या नावात आपला जिल्हा!

तिथंच बसून मी लेकीला आणखी एक गोष्ट सांगितली. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, याच पठारावर, पवनचक्क्यांच्या परिसरात शिकारी पक्षी जवळपास चौपट कमी आढळले. पक्षी कमी म्हणून सरडे जास्त. त्यांना धाक कमी, म्हणून माणूस जवळ आला तरी लवकर पळत नाहीत. पण गर्दी वाढल्यानं अन्नासाठी चढाओढ, म्हणून ते किडकिडीत झाले, आणि नरांच्या पंख्याचे रंगही फिके.

लेक बराच वेळ त्या सरड्याकडे बघत होती. "म्हणजे घार नाही म्हणून याचा रंग कमी झाला," ती म्हणाली. माझ्या डोक्यात हे इतकं सरळ उमटलं नव्हतं. परतल्यावर तिनं वहीत अजगराच्या पानांवर काट मारली नाही. कोपरा दुमडून ठेवला. म्हणाली, "मोठी झाल्यावर ठरवीन."

मला वाटलं, हट्ट संपला. गोष्ट इथं संपली असती तर आमच्या शहाणपणाचं कौतुक झालं असतं, आणि कुठल्याच जिवाचं काही भलं झालं नसतं.

पाषाण तलावाच्या वाटेवर

यंदाच्या जानेवारीत तळमजल्यावरच्या कुटुंबाची बदली बंगळुरूला झाली. सामानाची बांधाबांध चालली असताना लेक खाली गेली आणि पळत वर आली. "आई, ते कासव पाषाण तलावात सोडणार आहेत!"

सहा वर्षांपूर्वी त्यांच्या मुलानं हट्ट केला म्हणून मत्स्यालयाच्या दुकानातून आणलेलं. डोळ्यांमागं लाल पट्टा असलेलं, अमेरिकेच्या मिसिसिपी खोऱ्यातलं पाणकासव. आणलं तेव्हा दहा रुपयांच्या नाण्याएवढं. आता पोळ्यांच्या डब्याच्या झाकणाएवढं. ते पाणी भरलेल्या प्लॅस्टिकच्या टबात होतं. बसायला दगड नाही, ऊन नाही. कवचाच्या कडा वर वळलेल्या. ती माणसं वाईट नव्हती. त्यांनी त्याला रोज खायला दिलं होतं. हे पंचवीस-तीस सेंटीमीटरपर्यंत वाढतं आणि तीस वर्षं जगतं, हे त्यांना दुकानात कुणी सांगितलं नव्हतं.

जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर आगंतुक जातींच्या यादीत याचं नाव आहे. तळ्यात सोडलं की ऊन खायच्या जागा आणि अन्न दोन्हींसाठी देशी कासवांवर मात करतं. युरोपीय संघानं १९९७ साली याची आयात थांबवली. अमेरिकेत तर १९७५ पासून चार इंचांहून लहान कवचाचं कासव पाळण्यासाठी विकायलाच बंदी आहे. लहान मुलं ती तोंडात घालायची आणि साल्मोनेलाच्या जंतूंनी आजारी पडायची, म्हणून. 'तळ्यात सोडून दिलं' हे आपल्याकडे पुण्य समजतात. या कासवाच्या बाबतीत ते तळ्यावर केलेलं संकट आहे.

लेकीनं त्या दिवशी वही काढली नाही. तिनं फक्त माझ्याकडे बघितलं. आणि या वेळी मला स्वतःलाच पटवायचं होतं.

आम्ही दोन दिवस मागून घेतले. त्याच डॉक्टरांना विचारलं. परदेशी प्राणी म्हणून कागदाचं काही लागतं का, हे वनविभागात जाऊन विचारून घेतलं. कुठल्याही परदेशी प्राण्याबाबत प्रत्येकानं ते विचारून घ्यावं. आणि कुणाकडे देशी कासव, पोपट, साप अडकून असेल तर राज्याच्या वनविभागाचा १९२६ हा मदतीचा क्रमांक त्यासाठीच आहे.

मग टाकं आलं. पूर्ण वाढलेल्या कासवाला तीनशे लिटरहून जास्त पाणी लागतं, म्हणून ते आमच्या फ्रीजपेक्षा महाग पडलं. गाळणी, ऊब देणारा दिवा, अतिनील किरणांचा दिवा, चढून बसायला कोरडा ओटा. बाल्कनीत जाळी लावून रोज सकाळी उघडं ऊन, सावलीत शिरायची सोय ठेवून. टाक्याचं पाणी न्हाणीघरातच ओतायचं, स्वयंपाकघराच्या मोरीत नाही. हात लावला की साबणानं हात धुवायचे, पाहुण्यांच्या लहान मुलांनी हातच लावायचा नाही. हे नियम लेकीनं मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला लावले आहेत.

सासूबाईंचा मात्र विरोध होता, आणि त्याचं कारण आम्हाला कुणालाच सुचलेलं नव्हतं. "कासव देवळात देवासमोर असतं," त्या म्हणाल्या. "त्याला कोंडायचं नसतं." लेक त्यांच्याशेजारी जमिनीवर बसली. म्हणाली, "आजी, हे आधीच कोंडलेलं आहे. आपण त्याला मोठी खोली देतोय." सासूबाई काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी टबापाशी जाऊन उभ्या राहिल्या. कासवानं मान बाहेर काढून त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी नेहमी देवळात करतात तसा हात जोडून नमस्कार केला.

कासव घरी आलं त्या रात्री लेकीनं वही उघडली आणि डावं-उजवं अशी दोन्ही पानं मिळून एक तक्ता आखला. सन, माझं वय, कोण सांभाळणार. ओळी थेट २०५० पर्यंत. दहावी-बारावीच्या वर्षांसमोर तिनं लिहिलं, "मी, पण परीक्षेत बाबा." पुढच्या चार वर्षांसमोर पेन थांबलं. "मी शिकायला बाहेर गेले तर?" तिनं विचारलं. नवऱ्यानं आणि मी एकमेकांकडे बघितलं. २०५० साली मी सत्तरीपार असेन. त्या चार ओळींसमोर आम्ही दोघांनी सह्या केल्या. मुलाच्या हट्टाला दिलेला होकार दुपारभर पुरतो. तो जिवाला दिलेला असेल तर अशा सह्या कराव्या लागतात, आणि हे ज्यांना जमणार नसेल त्यांनी मन घट्ट करून नाही म्हणावं. ते 'नाही' मग खरं असतं, मुलाला सांगता येतं.

सासूबाई चष्मा लावून तक्ता वाचत होत्या. "माझं नाव कुठंय?" त्यांनी विचारलं.

"आजी, तू..." लेक बोलता बोलता थांबली. सासूबाईंना चौऱ्याहत्तरावं सरलंय.

"उद्यापासून त्याचं गाजर कोण किसणार?"

लेकीनं पहिल्या ओळीत 'आजी' लिहिलं. मग दुसऱ्या ओळीत. मग तिसऱ्या. मान खाली घालून, एकही ओळ न सोडता, २०५० पर्यंत ती लिहीतच गेली. आम्ही कुणी तिला थांबवलं नाही.